आंघोळीचे पाणी

पाऊस पेरणीपुरता पडला आणि त्यानंतर आभाळाने हात आखडता घेतला तो घेतलाच. ज्वारीचे कोंब वर आले, चार पानांचे झाले, आणि मागून कुणी हाक मारावी तसे जागच्या जागी थबकले. वस्तीतल्या माणसांनी वर पाहणे सोडून दिले. वर पाहिले की मान तेवढी दुखायची.

त्या कोरड्या आभाळावर खूश असलेले माणूस सगळ्या रानात एकच होते, आणि ते वस्तीतले नव्हते. संशोधन केंद्रातून आठवड्याला एकदा येणारी बाई बांधावर उभी राहून पाऊस मोजायच्या पत्र्याच्या नळकांड्यात डोकावली. आत वाळलेला मुंगळा तेवढा होता. ती बोलून गेली, "आमच्या कामाला असंच वर्ष हवं होतं." मग तिचे तिलाच ते बोचले असावे. तिने चष्मा पुसला, पुन्हा चढवला, आणि शेताच्या म्हाताऱ्या मालकाकडे न पाहता त्याच्या सुनेला विचारले, रक्तवाढीच्या गोळ्या घेतेस ना. सून मान हलवून हो म्हणाली. गोळ्या ती घेत होती हे खरे होते; त्या पोटात राहत नव्हत्या, हेही तितकेच खरे होते.

बाईचे काम काय, हे वस्तीला आता पाठ झाले होते. केंद्रात वर्षानुवर्षे संकर करून एक ज्वारी काढली होती. तिच्या दाण्यात रक्त वाढवणारे लोह दुपटीने होते, आणि पाण्यावाचून ती जास्त दिवस तग धरते असा केंद्राचा दावा होता. बाईने पहिल्या बैठकीत हे समजावून सांगितले तेव्हा पलीकडच्या घरातली काकी, जी चुलत सासू असल्याने सगळ्यांवर हक्क सांगायची, गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे जेवल्यावर चुंबकाजवळ उभं राहायचं नाही." बैठक हसली, बाईही हसली, आणि तिथून पुढे कामाला वस्तीची ना राहिली नाही.

चाचणीसाठी म्हाताऱ्यांचे शेत निवडले गेले, कारण तिथली माती सगळ्या परिसराचा नमुना ठरेल अशी मध्यम होती. घराच्या ओसरीएवढे लहान पट्टे आखले. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. एका पट्ट्यात नवी ज्वारी. तिला वस्तीने नाव ठेवले 'पाहुणी'. तिच्या शेजारी, तेवढ्याच जागेत, म्हाताऱ्यांच्या स्वतःच्या मडक्यातले बियाणे, ती 'घरची'. असेच पुन्हा पाहुणी, पुन्हा घरची. दोघींना एकच माती, एकच पाऊस. पेरल्यापासून कापणीपर्यंत वरून थेंब घालायचा नाही.

"आणि वाळली तर?" म्हाताऱ्यांनी विचारले होते.

"वाळू द्यायची," बाई म्हणाली. "तिचं वाळणंसुद्धा आम्हाला मोजायचं आहे."

म्हातारे मुलाकडे वळून म्हणाले, "वाळवण्यासाठी पेरायचं. हे आपण कधी केलं नव्हतं."

मुलाला ते बोलणे आवडले नाही. त्याला केंद्राने हंगामापुरता राखणदार नेमला होता, एक खाकी टोपी दिली होती, आणि काम नीट झाले तर केंद्राच्या फाटकावर कायमचा घेऊ असे तोंडभर सांगितले होते. ती टोपी तो जेवतानाही काढत नसे.

सुनेचे ह्या सगळ्यात काय होते, ते तिला आणि नर्सबाईला माहीत होते. नर्सबाई केंद्राच्याच गाडीतून यायची. शाळेच्या रिकाम्या खोलीत बाकावर बायका ओळीने बसायच्या, नर्सबाई एकेकीची खालची पापणी ओढून पाहायची, बोटाला टोचून थेंब काचेवर घ्यायची. सुनेच्या बोटातून थेंब यायला वेळ लागे. बोट पिळावे लागे, आणि जो येई तो पाणी मिसळल्यासारखा फिकट. दोनदा तिला दिवस राहिले होते आणि दोनदा पाचव्या महिन्याच्या आत सगळे वाहून गेले होते. दुसऱ्या वेळी तीही जवळजवळ गेलीच होती. नर्सबाईने तिला बाजूला घेऊन सांगितले होते की रक्त वाढल्याशिवाय तिसरी खेप नको. तिसऱ्या खेपेला मूल तर नाहीच, तूही हाताला लागायची नाहीस. गोळ्या उलटून पडतात तर अन्नातून जाऊ दे. ही ज्वारी पास झाली की तिचं बियाणं वाढवतील आणि ज्या बायकांचं रक्त पातळ आहे त्यांना वर्षभर तिचंच पीठ देऊन तपासत राहतील. ज्या घराच्या शेतात चाचणी झाली, त्या घराचं नाव पहिलं. "आणि डोक्यावर ओझं घेऊ नकोस," नर्सबाई म्हणाली.

तेवढे सोडून बोला, असे सुनेला म्हणावेसे वाटले. वस्तीची विहीर पेरणीनंतर महिन्यातच आटली होती. पाणी आता टेकडीपलीकडच्या विहिरीवर.

तिची वाट अशी होती: घरामागून शेताच्या बांधाने, चाचणीच्या पट्ट्यांना वळसा घालून, टेकडीच्या अंगाखांद्यावरून वर आणि मग तितकेच खाली. जाताना हंडा हलका, पण ऊन डोक्यावर. येताना चुंबळीवर हंडा, काखेत कळशी, आणि कानात स्वतःचे रक्त वाजत असलेले. टेकडीच्या माथ्यावर एक खडक होता, तिथे ती हंडा न उतरवता टेकायची. उतरवला असता तर पुन्हा उचलून द्यायला कुणी नव्हते. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे, माश्या उठाव्या तसे उठायचे, आणि ते बसेपर्यंत ती दगडासारखी उभी राहायची. खाली पट्टे दिसायचे. सुतळीच्या चौकटीत पाहुणी अजून निळसर हिरवी, पाने आत वळवून, ओठ मिटून घेतल्यासारखी. घरचीची पाने मात्र टोकांपासून जळत चालली होती. ती ते पाहायची आणि तिच्या मनात, कबूल करायला लाज वाटावी असा एक आनंद हलायचा. बाईला वाटला होता तोच. वाळ, असे ती मनातल्या मनात घरचीला म्हणायची. वाळ बाई लवकर.

घरात तिघेच. सासू जाऊन तीन पावसाळे झाले होते. घरचीचे बियाणे तिचे. उभ्या पिकातून ती एकटी फिरायची, कणसे हातात धरून जोखायची, मनात भरेल त्याला आपल्या जुन्या पातळाची चिंधी बांधायची. चिंधी बांधलेले कणीस बियाण्याला, बाकीचे खायला. ती गेल्यावर म्हातारे तसेच करू लागले. त्यांच्या हाताला गाठ नीट बसत नसे, पण चिंध्या तिच्याच असत.

पाण्याचा हिशेब सून मनात ठेवायची. पिण्याचे, रांधण्याचे, शेळीचे, भांड्यांचे, आणि आंघोळीचे. नवऱ्याची आंघोळ एक दिवसाआड, तिची स्वतःची जमेल तेव्हा ओल्या फडक्याने. म्हाताऱ्यांना मात्र रोज बादलीभर लागे. न्हाणीच्या दगडावर बसून ते पाठमोरे अंग धुवायचे, तांब्या-तांब्याने, एकही थेंब वाया जाऊ न देता. जन्माची सवय होती. तिने कधी बोलून दाखवले नव्हते की ती बादली म्हणजे टेकडीची एक आख्खी खेप आहे.

म्हणून एके दिवशी न्हाणीचा दगड दुपारपर्यंत कोरडा दिसला तेव्हा तिला नवल वाटले. दुसऱ्या दिवशीही कोरडा. तिसऱ्या दिवशी तिने भीतभीत विचारले, अंग दुखतं का, पाणी तापवून देऊ का. म्हातारे म्हणाले, नको. थोडा वेळ खाली बघून म्हणाले, "एवढ्या लांबून आणतेस. कशाला अंगावर ओतायचं?"

ती स्वयंपाकाच्या खोलीत आली आणि चुलीपुढे बसून राहिली. ह्या घरात आल्यापासून तिला कुणी तिच्या ओझ्यावरून एक शब्द बोलले नव्हते. सासू वाईट नव्हती, पण सासू होती. नवरा चांगला होता, पण टोपी आल्यापासून तो घरातही राखणदारासारखाच वागे. आणि ज्या माणसाशी तिचे बोलणे मामंजी, जेवायला चला, एवढेच होते, त्याने तिच्यासाठी जन्माची सवय सोडली. तिला रडू आले नाही. छातीत काहीतरी सैल झाले, इतकेच.

त्या दिवसापासून पेजेतली दाट वाढणी म्हाताऱ्यांच्या ताटात जाऊ लागली. त्यांच्या सदऱ्याची उसवलेली काख तिने न सांगता शिवली. सदऱ्यावर घामाच्या मिठाच्या रेघा उमटल्या होत्या, ओहोटीनंतर वाळूवर उमटाव्या तशा, एकीआड एक. वस्तीला करमणूक झाली. म्हातारे पारावर जाऊन बसले की कुणीतरी उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसे. काकी येताजाता म्हणे, "भावोजी आले वाटतं, माश्यांनी वर्दी दिली." म्हातारे ऐकून घ्यायचे. सुनेला ते सहन होत नसे. एकदा तिने काकीला तोंडावर सांगितले की त्यांनी आंघोळ माझ्यासाठी सोडलीय, माझा हंडा वाचावा म्हणून. काकीने तिच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

पण बादली मात्र रिकामी होत होती. हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण ध्यानात आणायचे नव्हते. मामंजींना कधी लागेल म्हणून ती सवयीने सकाळी भरून ठेवायची ती बादली दुपारी तळाला गेलेली असे. शेळीने प्यायली असेल. उन्हाने आटली असेल. भांडी घासून उरलेले पाणी ती एका घमेल्यात साठवायची, तेही नाहीसे होई.

मग एका भर दुपारी, सावल्या पायाखाली आलेल्या असताना, ती ठरल्या वेळेआधी टेकडीवरून परतत होती. विहिरीवर त्या दिवशी गर्दी नव्हती. खडकाजवळ ती थांबली, काळे ठिपके उठले, आणि ते खाली बसल्यावर तिला पट्ट्यांमध्ये काहीतरी हलताना दिसले. बांधावरच्या झाडाखाली नवरा तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. आणि मधल्या पट्ट्यात, घरचीच्या ओळींत, म्हातारे उकिडवे बसून सरकत होते. शेजारी बादली. हातात तांब्या. एका झाडाच्या बुडाशी माती बोटाने उकरायची, त्यात तांब्याची धार सोडायची, पाणी मुरेपर्यंत थांबायचे, वरून कोरडी माती ओढून ओल झाकायची. मग पुढचे झाड. आंघोळ करताना ज्या काटकसरीने ते पाणी वापरायचे त्याच काटकसरीने. आजारी माणसाला घोट-घोट पाजावे तसे.

झाडे पोटऱ्यात आली होती, कणीस बाहेर पडायची ती ऐन वेळ. त्या वेळी एका तांब्याचे मोल काय असते, हे शेतात वाढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

ती तिथेच उभी राहिली. डोक्यावर हंडा होता आणि मान वळवता येत नव्हती, म्हणून पाहत राहावे लागले. पहिल्यांदा तिला राग आला नाही. पहिल्यांदा आली ती लाज, आपली आपल्यालाच. पेजेतली दाट वाढणी आठवली, शिवलेली काख आठवली, काकीची ती विचित्र नजर आठवली. काकीला माहीत होते. कदाचित अर्ध्या वस्तीला माहीत होते. आणि आपण त्यांच्यापुढे छाती काढून सांगितले, माझ्यासाठी.

संध्याकाळी नवरा बाहेर गेल्यावर ती म्हाताऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. "मामंजी, आंघोळीचं पाणी कुठं जातं?"

त्यांनी वर पाहिले. खोटे बोलायचा त्यांनी विचारही केला नसावा. "बघितलंस का," एवढेच म्हणाले. मग, "ती तुझ्या सासूची आहे गं. घरची आहे. शेजारी ती पाहुणी ताठ उभी आणि ही तिच्यादेखत माना टाकते. माझ्याच शेतात. मला बघवत नाही."

"पण बाईंनी सांगितलंय. पाहुणी सरस ठरली तरच..."

"पाहुणी सरसच आहे. ती काही मरत नाही. मी कुठं तिच्या तोंडचं काढून घेतो? मी माझी आंघोळ देतो."

तुमची आंघोळ माझ्या डोक्यावरून येते, असे बोलता आले असते. माझ्या पोटी एकही राहत नाही आणि तुम्ही ज्वारीला पाजता, असेही बोलता आले असते. ह्या घरात तीही पाहुणीच होती, अजून. तिने भांडी आवरायला घेतली.

नवऱ्याला सांगावे तर झोपलेला राखणदार म्हणून त्याचीच टोपी जाणार. बाईला सांगावे तर चाचणी त्याच दिवशी मोडणार. तिने दुसराच उपाय केला: दुसऱ्या दिवसापासून एक खेप कमी आणली. बादली भरलीच नाही. दोन दिवसांत म्हाताऱ्यांचे ओठ फुटले, जीभ जड झाली. ते आपले पिण्याचे पाणी तांब्यातून पट्ट्यात नेत होते. तिसऱ्या दिवशी ते जेवता जेवता भिंतीला टेकले आणि डोळे पांढरे करू लागले, तेव्हा तिने मुकाट्याने पुन्हा खेप वाढवली. चार तांबे पाण्याने असे काय व्हायचे आहे, असे ती स्वतःला सांगू लागली. पाहुणी चांगली आहे. चांगले असते ते दिसतेच. असे म्हणत ती टेकडी चढायची, आणि खडकाजवळचे काळे ठिपके आता बसायला जास्त वेळ घेत.

पुढच्या तपासणीत नर्सबाईने काचेवरचा थेंब उजेडाकडे धरला आणि तोंड बारीक केले. रक्त होते त्याहून खाली गेले होते. "करतेस तरी काय तू?" तिने विचारले. सून म्हणाली, काही नाही, घरचंच.

कापणीला केंद्राची गाडी आली, बाईबरोबर तिचे मोठे साहेबही आले. सगळी वस्ती बांधावर बसली. पट्टा-पट्टा वेगळा कापला, मळून दाणे कापडावर घेऊन तराजूत टाकले. बाई प्रत्येक वजन मोठ्याने म्हणायची. पहिल्या दोन-तीन वजनांना तिचा आवाज सरळ होता. मग तो आक्रसत गेला. पाहुणी चांगलीच उतरली होती, ह्या कोरड्या वर्षात कुणाला स्वप्नातही वाटले नसते इतकी. पण घरची तिच्या बरोबरीने उतरली होती. एका पट्ट्यात तर मूठभर जास्तच. बांधावर कुजबुज झाली. म्हाताऱ्यांच्या हातात चिंध्या बांधलेली कणसे होती, ती त्यांनी छातीशी धरली होती.

साहेब म्हणाले, मग नव्या वाणाचा उपयोग काय? ह्यांचं आहे तेच ह्या मातीला बरं. इथे थांबवू या.

बाई कुदळ घेऊन उठली आणि कापलेल्या पट्ट्यांत गेली. पाहुणीचे एक धसकट तिने मुळासकट खणायला घेतले. मुळे सरळ खाली गेलेली, दोरखंडासारखी, शेवटपर्यंत खणता येईनात. मग घरचीचे एक खणले. ते दोन घावांत हातात आले. मुळे वरच्या वरच पसरलेली, केसांच्या गुंत्यासारखी, बुडाशी गोळा झालेली. बाईने मातीचा तो गड्डा हातात धरून सगळ्यांपुढे आणला.

"मूळ तहानेनं खाली जातं," ती म्हणाली. "हे खाली गेलंच नाही. ह्याला वरून पाणी मिळालंय."

मुलाची टोपी उन्हात हलली. तो म्हणाला की बाई, मी रात्रंदिवस इथंच होतो, माझ्या डोळ्यांदेखत थेंब पडला नाही.

बाई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. ती सुनेच्या समोर येऊन उभी राहिली, कारण शाळेच्या खोलीत तिचा फिकट थेंब तिने नर्सबाईबरोबर पाहिला होता. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे ती म्हणाली, "हे बघ. पाणी घातलं नसेल तर मला लिहावं लागेल की वाण हरला. मग तो इथंच संपला, कुणालाच मिळणार नाही. घातलं असेल तर हे शेत बाद होईल, वाण नाही. तो पलीकडच्या वस्त्यांच्या शेतांवर पुन्हा पेरून ठरेल. खरं काय ते सांग."

सुनेने म्हाताऱ्यांकडे पाहिले. त्यांनी बोलावे म्हणून ती थांबली. एक वाक्य पुरले असते, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला कुणी काही म्हणणार नव्हते. म्हातारे हातातल्या एका चिंधीची गाठ नीट करत होते. ती बसत नव्हती.

तेव्हा नवरा म्हणाला, "हिनं घातलं असेल. ही रोज हंडा घेऊन इथूनच जाते."

सहज म्हणाला. जड वस्तू जवळच्या माणसाच्या हातात द्यावी तसे.

सगळी वस्ती तिच्याकडे पाहत होती. काकीने मान खाली घातली. सुनेला वाटले, काळे ठिपके येतील आणि आपण पडू, आणि बोलावे लागणार नाही. ठिपके आले नाहीत. उलट सगळे फार स्वच्छ दिसत होते: तराजूची साखळी, बाईच्या हातातली केसाळ मुळे, कापडावरचा पाहुणीचा लालसर ढीग.

"हो," ती म्हणाली. "घातलं."

"तू?" बाईचा आवाज फुटला. "तुझ्यासाठीच होतं ना हे? सगळ्यात आधी तुझ्यासाठी."

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि सांगितले की ज्या घराने चाचणी बिघडवली ते घर पुढच्या तपासणीत घेता येत नाही, तसा नियमच आहे. बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिले, मग ती वाकून पाहुणीचे दाणे पिशव्यांत भरू लागली. नियमाप्रमाणे नव्या वाणाचा एकही दाणा मागे ठेवायचा नव्हता. तिने कापड झटकले, झटकून पडलेले दाणे बोटांनी वेचले, सुनेच्या पायाशी घरंगळलेलेसुद्धा. सुनेने पाय उचलून तिला जागा करून दिली. गाडी गेली तेव्हा शेतात खुंट्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि घरचीचा ढीग.

वस्ती दोन दिवस बोलत राहिली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी बाई कुणी पाहिली नसेल तर येऊन पाहा, असे बोलणे विहिरीच्या वाटेवर तिच्या पुढे-मागे चालायचे. ज्या बायकांचे रक्त तिच्यासारखेच पातळ होते त्या काही बोलत नसत. त्या तिला पाहून हंडा दुसऱ्या काखेत घ्यायच्या. नवऱ्याने घरी समजूत घातली. तो म्हणाला, "दादांचं वय झालं. त्यांना कुणी बोललेलं बरं दिसतं का? तुला चार दिवस म्हणतील नि विसरतील." त्याला सगळे माहीत होते तर. टोपी तोंडावर होती, पण डोळे कदाचित मिटलेले नव्हते. फाटकावरच्या जागेचे अजून पक्के नव्हते, पण ती त्याची चूक नाही असे साहेबांनी मानले होते. त्याने टोपी धुऊन वाळत घातली.

म्हातारे ओसरीवर बसून चिंध्यांची कणसे चोळत होते. दाणे निवडून सासूच्या मडक्यात भरत होते. एकदा त्यांनी तिला हाक मारून ओंजळभर दाणे दाखवले, म्हणाले, कसे टपोरे भरलेत बघ, ह्याचीच पेज कर तुला, रक्त भरेल. त्यांना खरेच तसे वाटत होते. त्यांच्या आवाजात खोट नव्हती, आणि तेच तिला सगळ्यांत अवघड गेले.

कापणीनंतरच्या चौथ्या सकाळी ती पहिली खेप घेऊन दारात आली. हंडा उतरवायला तिने भिंतीचा आधार घेतला. न्हाणीच्या दगडावर म्हातारे बसलेले होते, पाठमोरे, उघडे. सदरा काढून बाजूला ठेवला होता. किती दिवसांनी ती पाठ उन्हात दिसत होती. खांद्यांची हाडे, मधली खोल पन्हळ, तिच्यात साचलेला काळपट मळ. पायांचा आवाज ऐकून ते मान न वळवता म्हणाले, "सूनबाई, आज आंघोळीला पाणी दे गं. आता काही हरकत नाही."

आता काही हरकत नाही. शेत रिकामे झाले होते, कुणाला तहान नव्हती.

तिने बादली आणली. तांब्या आणला. दोन्ही त्यांच्या हाताशी, दगडाच्या उजव्या अंगाला, रोजच्या जागेवर ठेवली. म्हाताऱ्यांनी सवयीने तांब्या उचलून बादलीत घातला आणि तो तळाला ठणकन वाजला.

"पाणी पट्ट्यात आहे, मामंजी," ती म्हणाली. "तिथून काढून घ्या."

आवाज चढलेला नव्हता. जेवायला चला म्हणताना असायचा तसाच होता. म्हातारे तांब्या हातात धरून बसून राहिले. आत ओसरीवर नवऱ्याचे खोकणे ऐकू आले आणि थांबले. तिने हंडा उचलून आत नेला, झाकणी घातली, आणि चुलीपुढे बसली. चूल पेटवली नाही.

बऱ्याच वेळाने बाहेर म्हाताऱ्यांनी काढून ठेवलेला सदरा उचलला. मिठाने तो ताठ झाला होता. अंगात घालताना तो कागदासारखा वाजला, आणि तो आवाज घरात सगळीकडे ऐकू आला.